हौस कुणाची आणि कौतुक कुणाचे?

गेल्या दिवाळीत आमच्या एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. त्यांचे चिरंजीव इंग्लंडात, बर्मिंगहॅमला असतात. त्यामुळे वर्षाआड नवराबायकोची तिकडे फेरी होते आणि दर फेरीला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एका वस्तूची भर पडते. या खेपेची वस्तू खरोखरच नजरेत भरणारी होती. खाली रुंद, वर निमुळता, तोटी आणि झाकण असलेला पत्र्याचा पाण्याचा डबा. त्याला गर्द हिरवा रंग दिलेला; त्यावर लाल, पिवळे, पांढरे टपोरे गुलाब; मधल्या पट्ट्यावर एक किल्ला, किल्ल्यापुढे तळे, तळ्यावर पूल. झाकणसुद्धा मोकळे सोडलेले नव्हते. डब्यात वहिनींनी मोराची पिसे खोचून ठेवली होती.

"कालव्यांतल्या बोटींवर राहणाऱ्या लोकांची ही कला," स्नेही सांगू लागले. "काय आनंदी माणसे असतील पाहा! ना घर ना दार, पण वृत्ती कशी प्रसन्न! नाहीतर आपण. सगळे असून कपाळाला आठी ती आठीच."

माझा भाचा बरोबर होता. तो हिशेबी माणूस. तो म्हणाला, "मामा, याला मी प्रसन्नता म्हणणार नाही, अव्यवहार म्हणेन. इतक्या गरीब लोकांनी रंगावर पैसा घालवण्याऐवजी पोरांना शाळेत घातले असते तर चार पिढ्या बोटीवर काढाव्या लागल्या नसत्या."

माझ्या तोंडात त्या वेळी चकली होती, म्हणून गप्प राहिलो. आता संपादकांनी जागा दिलीच आहे, तर ते राहिलेले भांडण इथे पुरे करतो. मला दोघांशीही भांडायचे आहे. आणि वरवर पाहता दोघांची मते परस्परविरुद्ध दिसली तरी माझ्या मते ती एकाच माळेतली आहेत.

या बोटी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. कारण कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. तिकडचे हे कालवे शेतीसाठी खणले नव्हते, माल वाहण्यासाठी खणले होते. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा कालवा सुरू झाला, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत मध्य इंग्लंडभर कालव्यांचे जाळे पसरले. चढ आला की दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद बांधायचा. हौदात पाणी घेतले की बोट वर चढते, सोडले की खाली उतरते. या हौदाला लॉक म्हणतात. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने आपल्या कालव्यांवरचे लॉक सुमारे सात फूट रुंदीचे ठेवले. पाणी वाचावे, खर्च वाचावा, एवढाच त्याचा विचार. पण त्या एका मापाने पुढे हजारो माणसांच्या घराची रुंदी ठरून गेली. बोट सत्तर फूट लांब, म्हणजे जवळजवळ आगगाडीच्या डब्याएवढी. आणि रुंद मात्र सात फुटांच्या आत! पंचवीस टन कोळसा भरायचा, काठावरून एक घोडा ओढणार, आणि तासाला तीन मैलांच्या चालीने लंडन ते बर्मिंगहॅम गाठायचे.

पुढे रेल्वे आली. मालवाहतुकीचे दर कोसळले. बोटवाल्याला काठावरच्या घराचे भाडे आणि हाताखालच्या गड्याचा पगार, दोन्ही परवडेनासे झाले. मग अनेकांनी घर सोडले आणि बायकामुलांना बोटीवर आणले. गड्याचे काम बायको करू लागली, घोड्यामागून पोरे चालू लागली, आणि मजुरी मात्र पूर्वीप्रमाणे एकाच्याच हातावर पडत राहिली, तीही टनावर आणि खेपेवर. बोट उभी, तर मजुरी उभी.

राहायला काय, तर बोटीच्या मागच्या टोकाला सुमारे दहा फूट लांबीची एक खोली. ती एक फूट वाढवावी तर माल एक फूट कमी होतो. त्यामुळे ती वाढणे शक्यच नव्हते. दारातून पाय खाली टाकला की डाव्या हाताला कोळशाची शेगडी. तिच्याशेजारी एक कपाट. त्याचे दार बिजागरीवर आडवे पाडले की तेच जेवणाचे टेबल. पलीकडे भिंतीतून पाडायची फळी, तो नवराबायकोचा पलंग. दिवसा मिटून ठेवायचा. बाजूच्या बाकावर आणि जमिनीवर पोरे. जन्म इथे, आजारपण इथे. आई सुकाणूवर उभी असताना रांगते पोर पाण्यात पडू नये म्हणून त्याला छपरावर धुराड्याशी बांधून ठेवीत.

आणि या खोलीत काय होते? त्या कपाटाच्या दारावर किल्ला. ड्रॉवरवर गुलाब. दाराच्या फळ्यांवर गुलाब आणि किल्ले. पाणी काढायच्या भांड्यावर गुलाब, घोड्याच्या चंदीच्या डब्यावर गुलाब, बसायच्या स्टुलावर गुलाब. भिंतीवर जाळीदार कडांच्या चिनी मातीच्या बशा, फितीत ओवून टांगलेल्या; फळ्यांच्या कडेने क्रोशाची झालर; पितळी गोळे असे घासलेले की त्यांत तोंड दिसावे. घोड्याच्या कानांनासुद्धा क्रोशाच्या टोप्या, आणि त्याच्या ओढदोरात रंगवलेले लाकडी मणी, दोर अंगाला घासू नये म्हणून. पोळ्याला शिंगे रंगवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्या घोड्याकडे पाहून आपली झूल आणि माळा आठवल्या असत्या.

या रंगकामाचे जे सर्वांत जुने लेखी वर्णन सहसा दाखवले जाते, ते १८५८ सालचे. डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात जॉन हॉलिंग्सहेड या लेखकाने आपल्या बोटप्रवासाची हकिगत लिहिली, तीत ते आहे. ब्रिजवॉटरचा कालवा १७६१ चा. म्हणजे मध्ये जवळजवळ शंभर वर्षे गेली. स्नेह्यांना मला हे विचारायचे आहे, की ही कला जर नुसत्या मोकळ्या, भटक्या, प्रसन्न वृत्तीतून उगवली असेल, तर ती पहिल्या पिढ्यांत, बरे दिवस असताना, का डोळ्यांत भरली नाही? ती नजरेत आली, ती काठावरचे घर गेल्यानंतर.

आता भाच्याकडे वळतो. पोरांना शाळेत का घातले नाही? अरे, शाळा एका गावात, आणि घर रोज वीस मैल पुढे! मास्तर सकाळी हजेरी घेईपर्यंत पोरगा तिसऱ्या लॉकचे दरवाजे ढकलीत असे. रंगाचा पैसा वाचवून ही गोष्ट कशी सुटणार होती? आणि रंगाचा पैसा म्हणजे तरी किती? लाकूड रंगवले नाही तर कुजते, पत्रा रंगवला नाही तर गंजतो. बोट काही वर्षांनी दुरुस्तीला गोदीत घ्यावीच लागे आणि तेव्हा रंगाचा हात द्यावाच लागे. कंपनीची बोट असली तर तो खर्च कंपनीचा. गुलाबांचा जादा खर्च म्हणजे रंगाऱ्याचे काही तास.

ते तास मात्र पाहण्यासारखे. आधी गर्द हिरवी किंवा काळी जमीन. ती वाळली की जिथे गुलाब यायचा तिथे गडद रंगाची गोल टिकली, आणि भोवती पानांचे फटकारे. टिकली वाळली की तिच्यावर पाकळ्या. प्रत्येक पाकळीला कुंचला एकदाच टेकवायचा, दाबायचा, वळवायचा आणि उचलायचा. तिथे दुसरा हात नाही, खोडणे नाही. मग पानांच्या शिरा, मधले केसर बारीक पिवळ्या रेघांनी, सर्वांवर व्हार्निश. चिमटीतून रांगोळी सोडणाऱ्या बाईला हे जास्त समजावून सांगावे लागणार नाही. रेघ थांबली की बिघडली. ब्रॉन्स्टनच्या गोदीत फ्रँक नर्सर, स्टोककडे बिल हॉजसन, असे नावाजलेले रंगारी होऊन गेले. दोघांचे गुलाब वेगळे; जाणकार नुसती फुले पाहून बोट कोणत्या गोदीतून आली ते ओळखीत.

इथे कुणी म्हणेल, गुलाब जर गोदीतल्या रंगाऱ्याने काढले, तर ती बोटवाल्यांची कला कशी? हा आक्षेप मी पूर्वी ऐकलेला आहे आणि तो मला फार पोकळ वाटतो. पैठणी विणणारा येवल्याचा, नेसणारी कुठली तरी दुसरी. म्हणून काय पैठणी नेसणारीची हौस नव्हे? शिवाय काही बोटवाले स्वतःही कुंचला धरीत. आणि स्वतःच्या मालकीची एकच बोट असलेले जे थोडे लोक होते, ज्यांना त्यांच्या बोलीत 'नंबर वन' म्हणत, ते तर पदरचे पैसे मोजून बोट नटवीत.

याहून मजेची गोष्ट म्हणजे या चित्रांचे मूळ शोधणाऱ्यांची. कुणी म्हणाले, हे जिप्सींनी आणले. कुणी हे किल्ले युरोपच्या पार पूर्वेकडच्या डोंगरांत नेऊन बसवले. कुणी हॉलंडात गेले. सगळे जग फिरले. फक्त कालव्याच्या काठावर कुणी उतरायला तयार नव्हते! याच कालव्यांच्या काठी वुल्व्हरहॅम्प्टन, बिल्स्टन, बर्मिंगहॅम ही गावे आहेत, जिथले कारागीर पत्र्याच्या तबकांवर फुले आणि देखावे रंगवून पोट भरीत. याच बोटींतून स्टॅफर्डशायरची चिनी मातीची भांडी जात, त्यांवरही फुले आणि देखावे असत. घड्याळांच्या तबकड्यांवर तेच. त्या काळच्या बऱ्या घरात जे दिवाणखान्यात होते, ते बोटवाल्याने आपल्या दहा फुटांत आणले, हे इतके साधे आहे. पण मग ती माणसे तुमच्याआमच्यासारखी ठरतात. आणि नेमके तेच अनेकांना नको असते. ती कुठल्या तरी दूरच्या, गूढ जमातीची असली म्हणजे त्यांचे कौतुक करायला बरे पडते.

कारण शेजारी म्हणून त्यांना कुणी मानलेच नव्हते. 'बार्जी' हा शब्द काठावरचे लोक त्यांच्यासाठी शिवीसारखा वापरीत. घाणेरडे, चोर, दारुडे, असा त्याचा अर्थ. १८७५ साली कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने या लोकांवर पुस्तक लिहिले. हा स्मिथ खोटा माणूस नव्हता. लहानपणी त्याने स्वतः वीटभट्टीवर राबून काढले होते, आणि भट्टीवरच्या पोरांसाठी तो आधी झगडला होता. बोटींवरच्या मुलांचे हाल त्याने चव्हाट्यावर आणले, त्याच्या खटपटीने १८७७ आणि १८८४ चे कायदे झाले, बोटींची नोंदणी व तपासणी सुरू झाली, आणि एका खोलीत किती माणसे असावीत याला मर्यादा पडली. हे उपकार मान्य. पण ते करताना त्याने त्या साऱ्या लोकांचे जे चित्र रंगवले, ते अडाणी, व्यसनी, धर्महीन टोळीचे. मजुरी इतकी कमी का, हा प्रश्न त्यात मागे पडला. माणसे अशी का, हा पुढे आला. सुधारकांची ही खोड आपल्याकडेही नवी नाही.

कायद्याने प्रत्येक बोटीच्या अंगावर नोंदणीचे गाव आणि नंबर लिहायला लावला. बोटवाल्यांनी तो लिहिला, आणि बाकीच्या जागेत फुले काढली. पाण्याचा डबा ते छपरावर, अगदी दाराशी ठेवीत. कालव्याचे पाणी पिण्याजोगे नसे, म्हणून वाटेतल्या नळावर तो भरून घ्यावा लागे. आणि तो छपरावर असल्यामुळे लॉकवरच्या माणसाला, पुलावरच्या पोराला, काठाच्या बाईला सर्वांत आधी तोच दिसे. आपल्याला घाणेरडे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लखलखीत डबा धरणे, यात मला नुसती प्रसन्न वृत्ती दिसत नाही. मला त्यात राग दिसतो. चांगला, घासूनपुसून ठेवलेला राग.

स्नेह्यांचा माझ्यावर विश्वास नसेल तर त्यांनी १९२३ साल पाहावे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये फेलोज मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीने मजुरीत कपात करायचे ठरवले. तेव्हा या 'सदा आनंदी' लोकांनी ब्रॉन्स्टनला बोटी उभ्या केल्या आणि संप केला. बोट उभी म्हणजे मजुरी उभी, हे मी वर सांगितलेच आहे. तो संप चौदा आठवडे चालला. बोटींवर गुलाब होतेच की! किल्लेही होते. ज्या हातांनी पितळ घासले त्याच हातांनी कामही थांबवले. मग आता त्या डब्याकडे पाहून 'ना घर ना दार, पण वृत्ती कशी प्रसन्न' असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

कौतुक आले ते धंदा मरायला लागल्यावर. १९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक निघाले आणि लोकांच्या नजरा कालव्यांकडे वळल्या. १९४६ मध्ये त्यांनी रॉबर्ट आइकमन यांच्याबरोबर कालवे वाचवण्यासाठी संस्था काढली. ती नसती तर आज त्यांतले किती कालवे बुजलेले दिसले असते कोण जाणे. रोल्टांबद्दल मला आदर आहे. पण यंत्रयुगाला विटलेल्या मनाने ते या लोकांकडे जुन्या, निर्मळ जगाचे अवशेष म्हणून पाहत; आणि विसरले जाते ते हे, की हे लोक यंत्रयुगाचेच कोळसेवाले होते! गिरणीला कोळसा पुरवणारा माणूस गिरणीपूर्व काळाचा कसा ठरतो? १९५१ मध्ये बार्बरा जोन्स यांचे लोककलांवरचे पुस्तक आले. त्यात बोटींच्या रंगकामावर मनापासून लिहिले आहे, पण पुस्तकाचे नाव 'द अनसोफिस्टिकेटेड आर्ट्स'. वरची कला कोणती आणि खालची कोणती, ते मुखपृष्ठावरच ठरले.

पुढचे लवकर सांगतो. १९४८ मध्ये कालवे सरकारकडे गेले, सरकारी बोटींना निळा-पिवळा गणवेश चढला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले, बोटी आठवडेच्या आठवडे बर्फात अडकल्या, आणि १९६३ मध्ये सरकारी ताफ्याने या बोटींची वाहतूक बहुतेक गुंडाळली. ऑक्टोबर १९७० मध्ये कोळशाची शेवटची नियमित लांबची खेप लंडनजवळच्या साउथॉलच्या मुरंबा कारखान्यावर उतरली. आपल्या पंजाबी बांधवांमुळे आज आपल्याला ठाऊक असलेले साउथॉल ते हेच. बोटवाले काठावर चढले. कुणाला घर मिळाले, कुणाला कारखान्यात काम. डबे जुन्या बाजारात गेले. ज्यांच्या आज्यांनी त्या डबेवालीला उंबऱ्याशी उभे केले नसते, त्यांनी ते डबे चांगली किंमत देऊन घरात नेले.

मी डबा विकत घेण्याच्या विरुद्ध नाही. स्नेह्यांचा डबा जुना नाही, आजच्या कुणा रंगाऱ्याने काढलेला आहे. त्या रंगाऱ्याचे पोट त्यावर चालते आणि फटकारा हातात राहतो, हे चांगलेच झाले. माझे म्हणणे वेगळे आहे. भाचा म्हणतो, गरिबाने नटू नये. स्नेही म्हणतात, गरीब नटतो म्हणजे त्याचे बरे चालले आहे. दोघांच्याही मते गरिबाला काही म्हणायचे नसते. एकाला त्याचा खर्च दिसतो, दुसऱ्याला त्याचे हसू दिसते. ज्या घरात पाय लांब करून निजता येत नाही, त्या घराच्या कपाटावर कुणी किल्ला काढून घेतला, तर तो त्याला हवा होता म्हणून. त्याला जागा हवी होती म्हणून. हे एवढे सरळ वाक्य दोघांनाही ऐकू येत नाही.

आणि हा मामला १९७० सालीच मिटला असता तर मी ही पाने खर्ची घातली नसती. इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे २,००० मैलांच्या जलमार्गांची देखभाल २०१२ पासून एका धर्मादाय संस्थेकडे आहे. त्यांवर सुट्टीच्या बोटी फिरतात. पण लंडनसारख्या शहरांत घरभाडे परवडत नाही म्हणून बोटीवर संसार मांडलेली माणसेही त्यांत पुष्कळ आहेत. पुन्हा तेच कारण, पुन्हा तीच सात फूट रुंदी. ज्याला बोट बांधायला कायमची जागा नाही त्याने साधारणपणे चौदा दिवसांहून अधिक काळ एका ठिकाणी राहू नये, असे १९९५ चा कायदा सांगतो. म्हणजे पोराची शाळा एका गावात आणि घर पंधराव्या दिवशी पुढे. शेगडीच्या धुराबद्दल काठावरच्या घरांतून तक्रारी जातात. ज्या घरांतून जातात, त्यांतल्या काही कपाटांत गुलाबांचे डबे नसतीलच, असे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

तेव्हा स्नेह्यांना एवढीच विनंती. पुढल्या खेपेस चिरंजीवांकडे जाल तेव्हा बर्मिंगहॅमच्या कालव्यावर सकाळी एक फेरी मारा. सुट्टीच्या चकचकीत बोटी सोडून द्या. जिच्या छपरावर सरपण, कोळशाची पोती आणि पोराची सायकल दिसेल, तिच्यापाशी थांबा. डब्यावर गुलाब असतील किंवा नसतील. आत कुणी चहा करत असेल. फोटो काढायच्या आधी दारावर टकटक करा आणि विचारा, की या गावात अजून किती दिवस राहायला मिळणार आहे.

वहिनी, तेवढी मोराची पिसे काढून त्या डब्यात एकदा पाणी भरून पाहा. गळत नसेल तर या दिवाळीला फराळानंतरचे पाणी मी त्यातूनच घेईन.